गेणबाच्या दातांचं टोपण

"दहाव्याला मी तोंडातनं एक शब्द काढणार न्हाय. बघच तू!" गेणबानं सुनेला ठणकावून सांगितलं आणि आपलं टोपण दातांवर चढवलं.

हे टोपण काय ते आधी सांगायला हवं. गेणबाचा जबडा बिघडला होता. तोंड उघडलं की कानापाशी टक्‌ वाजायचं, भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं आणि जांभई तर बिचाऱ्यानं सोडूनच दिली होती! शेवटी सून राजेश्वरी त्याला बारामतीला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी गालांवर बोटं ठेवून त्याला तोंड उघड-मीट करायला लावलं.

"आबा, झोपेत दात खाता तुम्ही. सगळा जोर या सांध्यावर येतो. एवढा राग कुणावर धरलाय?"

उत्तर राजेश्वरीला ठाऊक होतं, अख्ख्या वरकुटे गावाला ठाऊक होतं. थोरल्या भावानं, महिपतीनं, सामाईक बांधावरचा लिंब न विचारता तोडून विकला, तेव्हा गेणबा भर पारावर ओरडला होता, "आजपासनं तू मला मेलास!" तेव्हापासून दोघांचा अबोला. बांधाच्या अलीकडून गेणबा दातओठ खायचा, पलीकडून महिपती खाकरायचा, एवढंच काय ते दळणवळण.

बाईंनी दातांच्या मापाची कडक, पारदर्शक पट्टी करून दिली. त्या तिला स्प्लिंट म्हणायच्या, गेणबा टोपण म्हणायचा. रात्री खालच्या दातांवर बसवायचं, म्हणजे दात दातांवर घासत नाहीत आणि सांध्याला विसावा मिळतो. दुखणं उतरायला लागलं आणि नेमका महिपती गेला. सकाळी पाण्याची मोटार चालू करायला म्हणून गेला, तो तिथंच बसला.

भावाशी बोललेलं शेवटचं वाक्य तेच, मेलास म्हणून. ते गेणबाला गिळता येईना आणि कुणाला सांगताही येईना. त्यात दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, की लोक एकेकाला पुढं ढकलून मयताला शब्द द्यायला लावतात. आपली पाळी आली तर त्या माणसाला कुठल्या तोंडानं हाक मारायची? म्हणून रात्रीचं टोपण त्यानं दिवसाढवळ्या चढवलं. तोंडाकडं बोट दाखवायचं, 'डॉक्टरनी बोलायची बंदी केलीय' असं खुणावायचं आणि सुटायचं. इतका साधा बेत!

आणि कावळा शिवला नाही!

पाण्याकाठी दहीभाताचा पिंड, शेजारी महिपतीच्या आवडीची भजी, कपबशीत चहा आणि तंबाखूची पुडी. समोरच्या बाभळीवर दोन कावळे, पण ढिम्म हलेनात.

"आण्णा, आईला नीट सांभाळीन!" महिपतीचा मुलगा ज्ञानेश म्हणाला. एका कावळ्यानं मान वळवली.

"डाळिंबाची बाग मोडणार न्हाय!" दुसऱ्यानं फांदीला चोच घासली.

ऊन चढलं, चहा गार झाला. आता सगळे गेणबाकडंच बघायला लागले. भावकीतले तात्या म्हणाले, "गेणबा, तू बोल. तुझ्यात जीव अडकलाय त्याचा."

गेणबा पुढं झाला. ठरल्याप्रमाणं तोंडाकडं बोट दाखवलं, मान हलवली. पण नजर गेली त्या तंबाखूच्या पुडीवर. डोळे भरून आले, हनुवटी थरथरायला लागली.

"आरं, दातखीळ बसली!" तात्या ओरडले. "कांदा आणा! चमचा आणा!"

"न्हं! न्हं!" गेणबा हातपाय झाडायला लागला. लोकांना वाटलं, आता झटके आले! दोघांनी दंड धरले, एकानं नाकाशी कांदा फोडला आणि तात्यांनी दातांत चमचा घालून जोर लावला. टक्‌! अख्खी दातांची ओळ उडाली ती थेट दहीभाताच्या कडेला!

"अगं बया, सगळं दात निघालं की!" बायकांत एकच हलकल्लोळ झाला. "दात न्हाय, टोपण हाय ते!" राजेश्वरी त्यांच्यातनं ओरडली.

तेवढ्यात एक कावळा सप्पकन खाली आला आणि भात लागलेलं टोपण उचलून पाण्यापलीकडं पसार झाला.

"शिवला! शिवला!"

"कुठं शिवला? टोपण न्हेलं त्यानं!"

"टोपणाला भात हुता की!"

"पर चोच भाताला कुठं लागली?"

सगळ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. "शास्त्रात टोपणाचं काही सांगितलेलं नाही," म्हणून गुरुजींनी हात झटकले.

महिपतीची बायको सिंधुबाई इतका वेळ खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "भावजी, तुमचं तोंड त्यांनीच उघडून दिलंया. आता तरी बोला."

गेणबा पिंडासमोर मटकन बसला. आता लपायला टोपणसुद्धा राहिलं नव्हतं. "दादा, मी तसं म्हणाय नगं हुतं." टक्‌. "मेलास म्हणलो ते रागात. माघारी घेतो." टक्‌. "लिंबाचं जाऊ दे."

उरलेला कावळा जागचा हलला नाही. गेणबाचं डोकंच फिरलं!

"मग काय तितंच बसणार हायस? पावणं उपाशी हायती, वैनीनं सकाळधरनं पाणी पेलेलं न्हाय! कवातरी माझं ऐकलंस का रं? उतर खाली!" आणि तो लेकरासारखा हमसून रडायला लागला.

कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

पुढं नवं टोपण करायला राजेश्वरी त्याला पुन्हा बारामतीला घेऊन गेली.

"जुनं कुठंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कावळ्यानं न्हेलं," गेणबा पुटपुटला.

बाईंनी तो विषय वाढवला नाही. "बरं, अजून झोपेत दात खातात का?"

"दात न्हाय खात आता," राजेश्वरी म्हणाली. तिचे स्वतःचेच डोळे जागरणानं तारवटलेले होते. "बोलत्यात. रातभर गेलेल्या भावासंगं भांडत्यात, हसत्यात. घरात डोळ्याला डोळा न्हाय कुणाच्या. बाई, त्याच्यावर न्हाय का एखादं टोपण?"

गेणबानं फरशीकडं बघत गाल चोळला.

"असलं तरी मला नगं," तो म्हणाला.