पेठ इलेव्हनची रद्दी

आमच्याकडे नवा टीव्ही आला त्या दिवशी शेजारपाजारचे टीव्ही बघायला आले. आबा शिंदे खोका बघायला आले. टीव्हीकडे पाठ करून त्यांनी पुठ्ठा दोन बोटांत दाबून पाहिला आणि मान डोलावली. "लई भारी! कडक माल हाय. यात गोलकीपरचे हातमोजे निघत्यात बघा."

आबा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, चेन्नईतल्या वेलचेरीत. मूळचे कोल्हापूरचे. रेल्वेत बदली होऊन मद्रासला आले आणि निवृत्त झाले तरी परत गेले नाहीत. कारण एकच, 'पेठ इलेव्हन'. ही त्यांची फुटबॉलची टीम. चेन्नईच्या टीम वरून मोजायला घेतल्या तर ती सापडेपर्यंत दमायला होतं, खालून मोजा, लगेच सापडते. नाव कोल्हापूरच्या पेठेवरून ठेवलंय, पण या शहरात नावाच्या शेवटी 'पेट' असलेल्या वस्त्यांना तोटा नाही, त्यामुळे कुणाला कधी संशय आलेला नाही.

आता एवढ्या खालच्या टीमला पोसणार कोण? तिकीट नाही, टीव्ही नाही. "मॅच बघाय येणार कोण, तर चार कावळं अन् गोलकीपरची आई," हे खुद्द आबांचं म्हणणं. पण मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, बूट, केळी, अंडी ही काही कावळ्यांकडून वसूल होत नाहीत. कोल्हापुरात पेठ वर्गणी काढून टीम चालवते. आबांनी इथे तेच करून पाहिलं. पहिल्या वर्षी लोकांनी हौसेनं दिली. दुसऱ्या वर्षी आबा दिसले की लिफ्ट न थांबता वर जायला लागली! तेव्हापासून त्यांनी पैसे मागणं सोडलं आणि रद्दी मागणं धरलं.

"देणगी एकदाच मिळती, पोरी. रद्दी दर रविवारी."

रविवारी सकाळी खांद्यावर पोतं, कमरेला सुतळीचा गुंडा आणि बेल. तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी पहिल्यांदा त्यांना खरोखरचा 'पळय पेपर'वाला, म्हणजे इथला रद्दीवाला, समजून वजनकाटा मागितला, घासाघीस करून भाव वाढवून घेतला आणि वर एक फुटकी बादली गळ्यात मारली. आबांनी मुकाट्यानं खिशातून पैसे दिले, मग तिथेच पायरीवर बसून कालच्या मॅचची हकिगत सांगितली. झालं! तेव्हापासून मामी पेपर घडी घालून तयार ठेवायच्या, सोबत फिल्टर कॉफी. रद्दी बांधायला जेवढा वेळ लागावा, त्याच्या चौपट वेळ आबा प्रत्येक दारात लावायचे. मला वाटायचं, म्हातारा गाठी मारण्यात कच्चा आहे.

मी शोळिंगनल्लूरला आयटीत आहे, आणि ऑनलाइन खरेदीचा मला नाद आहे. मंदार, म्हणजे माझा नवरा, कुरकुरला की आबा माझ्या बाजूनं उभे. "मंदारराव, तिला बोलायचं काम न्हाई. आमचा अर्धा डिफेन्स तिच्या चपलांवर उभा हाय." एकदा तर आमचा फ्रिज बिघडलाय हे कानावर येताच धावत आले. "नवाच घ्या. खरं, सीझनच्या आत घ्या." आबांचं 'खरं' म्हणजे आपलं 'पण', हे मला इथे आल्यावर कळलं. आणि माझी पार्सलं घेऊन येणारा मुरुगन हा त्यांचाच राइट बॅक. खोका हातात देताना तोच बजावायचा, "अक्का, नीट उघडा. फाडू नका."

गेल्या मोसमात रद्दीचा भाव पडला आणि मैदानाचं भाडं चढलं. भाडं भरलं नाही तर टीम स्पर्धेतून बाद. आबांचा चेहरा एवढासा झाला. "पोरं दिवसभर गाडीवर उन्हात मरत्यात अन् संध्याकाळी पळाय येत्यात. त्यास्नी काय तोंड दाखवू?"

अशात गिंडीतले एक पंपाच्या कारखान्याचे मालक देवासारखे भेटले. भाडं, बूट, बस, सगळं देतो म्हणाले. अट एकच. जर्सीवर आमच्या कारखान्याचं नाव असणार, तेव्हा क्लबनं दारोदार रद्दी गोळा करायची नाही. आबांनी विचाराला एक दिवस मागून घेतला. मग सही केली आणि सबंध इमारतीत म्हैसूरपाक वाटला.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. खोके बाल्कनीत तसेच. मामींचा फोन आला, "शिंदे सार आले नाहीत. कॉफी गार झाली." हातात एक खोका घेऊन मी आणि मंदार वर गेलो. दार उघडंच होतं. आबा इस्त्रीचा शर्ट घालून बायकोच्या हार घातलेल्या फोटोखाली खुर्चीत बसले होते. कमरेला सुतळी होती.

"आबा, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीया?" त्यांनी खोक्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "घेता येत न्हाई पोरी. सही केलीया."

मग म्हणाले, "टीम वाचली, लई बरं वाटलं. खरं, सुमन गेल्यापासनं या दाराची बेल कोण वाजवत न्हवतं. म्हटलं, आपणच दुसऱ्यांच्या वाजवाव्यात. रद्दीचं निमित्त बरं हुतं."

मंदारला अशा वेळी हमखास काहीतरी भलतंच सुचतं. तो सरळ बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बेल दाबली.

"कोण हाय?" आबा सवयीनं ओरडले.

"रद्दी आहे का, आबा?" मंदार बाहेरून म्हणाला. "क्लबनं गोळा करायची नाही ना? आम्ही कुठे क्लब आहोत!"

आबा लगबगीनं उठले, कोपऱ्यातले कालचे दोन पेपर उचलले आणि कमरेची सुतळी सोडली.

"हाय की! या, आत या. खरं, बांधाय वेळ लागंल. बसा."