लिमयेकाकांची गाडी झोपत नाही

आमच्या शेजारचे लिमयेकाका तुम्हाला भेटले, तर नाव-गाव विचारायच्या आधी विचारतील, "आतलं कधी बदललंत?" घाबरू नका, ते इंजिन ऑइलबद्दल बोलत असतात. मी मात्र पहिल्यांदा चांगलीच घाबरले होते. डब्लिनमधल्या सिटीवेस्टच्या एका हॉलमधला गणपती, मी ठेवणीतली पैठणी नेसलेली, मंदार इस्त्रीच्या कुर्त्यात, आणि हे उंच, टक्कल पडलेले गृहस्थ हातात प्रसादाची वाटी घेऊन आम्हा नवराबायकोला खालून वर न्याहाळत म्हणाले, "बाहेरचं राहू द्या हो. आतलं कधी बदललंत?" मला वाटलं, झालं, कुठल्यातरी बुवांचे शिष्य दिसताहेत. तेवढ्यात मागून त्यांच्या बायको, नंदाकाकू, म्हणाल्या, "गाडीचं विचारताहेत. सांगून टाका, म्हणजे सुटाल."

सुटतोय कसले. पुढच्या शनिवारी काका दारात हजर. आमच्या गाडीची ऑइलची पट्टी बाहेर काढली, थेंबभर तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि डोळे मिटून म्हणाले, "शाळेपर्यंत जाता आणि तापायच्या आत बंद करता. लांब कुठे गेला नाहीत बरेच दिवस. भांडलाबिंडलात का?" मी आणि मंदारने एकमेकांकडे पाहिलं. भांडलो होतो. म्हणजे, किरकोळ. पण ते इंजिनपर्यंत पोचलं असेल असं वाटलं नव्हतं.

काकांची स्वतःची एक निळी, दणकट मोटरसायकल. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडायचा, आणि मग हॅलोवीनच्या आत काका तिला झोपवायचे, ती गुढीपाडव्यापर्यंत. इथे थंडीत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने लोखंड गंजतं, हवेत कायमचं पाणी, त्यामुळे शहाणी माणसं हिवाळ्यात दुचाकी काढत नाहीत. झोपवण्याचा विधी साग्रसंगीत. टाकी काठोकाठ भरायची. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून लोकरीचा मोजा कोंबायचा. बॅटरी काढून घरातल्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेल-मोज्यांशेजारी ठेवायची. "माझ्या टॉवेलांना गॅरेजचा वास आणि माझ्या प्रत्येक जोडीतला एक मोजा बेपत्ता," काकू सांगायच्या.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल आणि फिल्टर. "वापरलेल्या तेलात आम्ल असतं," काका समजवायचे. "थंडीभर ते आतल्या आत खात बसतं. मळक्या कपड्यांत कोणी झोपतं का?" तेही गार काढायचं नाही. इंजिन थोडा वेळ चालवायचं, तेल कोमट झालं की खाली ट्रे ठेवून बोल्ट सोडायचा, म्हणजे सगळी घाण घेऊन ते बाहेर येतं. हे त्यांनी आमच्या पोस्टमनलाही ऐकवलं होतं. "नेव्हर माइंड द आउटसाइड," असं सुरू केलं तेव्हा तो बिचारा एक पाऊल मागे सरकला होता. शेवटी "ग्रँड, ग्रँड" म्हणजे इथल्या बोलीत छान, छान, असं म्हणत त्याने व्हॅन गाठली.

दोघांच्या हेल्मेटांत एकमेकांशी बोलायचं यंत्र होतं. काका रस्ताभर बडबडायचे आणि मागून काकूंचं उत्तर एकच, "सावकाश." उतारावर सावकाश, सिग्नलला सावकाश. काकांचं म्हणणं, गाडी स्टँडवर असली तरी नंदा तेच म्हणते.

गेल्या वर्षी दसऱ्याचा हार सुकायच्या आत काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्या परत आल्या नाहीत. मूलबाळ नाही. आम्ही डबे दिले, सोबत बसलो, जेवढं शेजाऱ्यांना जमतं तेवढं केलं. काका हळूहळू पुन्हा लोकांना "आतलं कधी बदललंत" विचारायला लागले, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. मोटरसायकल मात्र वर्षभरात एकदाही रस्त्यावर दिसली नाही.

या वर्षी थंडी सुरू झाली आणि भिंतीपलीकडच्या त्यांच्या शेडमधून रोज दिवेलागणीला इंजिन सुरू झाल्याचा आवाज यायला लागला. जरा वेळ चालायचं, बंद पडायचं. मग शांतता. मग कोणीतरी दबक्या आवाजात बोलायचं, थांबायचं, पुन्हा बोलायचं. मधल्या थांबण्यात समोरचं माणूस उत्तर देतंय असंच वाटायचं. मंदार म्हणाला, "फोनवर असतील." मी म्हटलं, "असतील बाबा." पण त्या वेळेला मी मागच्या अंगणातले कपडे आणायला जाणं बंद केलं.

एका संध्याकाळी आमची इरा वरच्या खिडकीत वेफर्स खात उभी होती. आमच्या कन्येला मराठी समजतं सगळं, बोलते मात्र डब्लिनचं इंग्रजी, आईलाही मॅम म्हणते. म्हणाली, "मॅम, देअर्स समवन ऑन द बॅक ऑफ हिज बाइक."

"कोण?"

"डोन्ट नो. अ लेडी."

मी पाहिलं. शेडच्या धुरकट काचेआड पिवळा बल्ब आणि दोन हेल्मेटं, एकामागे एक. मागचं जरासं वाकलेलं. मी इराला म्हटलं, तुझ्या डोक्यात हॅलोवीन शिरलंय. पडदा ओढला आणि देवापुढचा दिवा उगाच दोनदा सारखा केला.

दुसऱ्या दिवशी इंजिन बंद झाल्याबरोबर चकल्यांचा डबा घेऊन मी निघाले. भीती वाटत होती, पण त्या माणसाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. शेडचं दार ढकललं. आत गरम धातूचा वास, आणि काका नाहीत. गाडीच्या मागच्या सीटवर पाठटेकूला काकूंचं मरून रंगाचं जॅकेट चढवलेलं, बाह्या पुढे टाकलेल्या, वर त्यांचं हेल्मेट. आणि त्या रिकाम्या हेल्मेटातून आवाज आला, "आज नक्की काढतो गं."

मी एक पाऊल मागे सरकले.

गाडीपलीकडून काका उठले. डोक्यात हेल्मेट, हातात पाना. "मेघना, दार लाव, थंडी आत येते." आवाज त्यांच्या तोंडून आला आणि पाठोपाठ काकूंच्या हेल्मेटातून. म्हणजे इतके दिवस ते स्वतःच बोलत होते, आणि थांबत होते.

इंजिनखाली ट्रे ठेवलेला होता, कोरडा ठाक. इंजिनच्या बाजूला तेल दिसायची छोटी काच असते. आतलं तेल ताकासारखं पांढुरकं झालं होतं.

"हे असं का दिसतंय?"

"रोज थोडंसं तापवून सोडलं की आत पाणी धरतं," काका म्हणाले. "असंच राहिलं तर या थंडीत इंजिन जाणार. कळतं मला."

"मग बदलत का नाही?"

ते पान्याकडे बघत राहिले. "शेवटचं विक्लोच्या डोंगरात गेलो तेव्हा हेच आत होतं. ती मागे बसली होती ना. रोज तापवतो, पाना लावतो, आणि हात चालत नाही. हे काढलं की ती उतरली."

मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. "काका, सगळ्या गावाला विचारता," मी म्हटलं, "तुम्ही आतलं कधी बदललंत?"

ते हसले नाहीत. इंजिनवर हात ठेवून म्हणाले, "अजून कोमट आहे." मग काकूंचं हेल्मेट उचललं आणि माझ्या हातात दिलं. "घाल. मागे कोणीतरी असू दे. रिकाम्याशी बोलून होत नाही."

मी घातलं. आत खोबरेल तेलाचा वास होता. काच खाली आली आणि माझ्या अगदी कानाशी काकांचा श्वास ऐकू यायला लागला. ते गुडघ्यांवर बसले, पाना लावला. "नंदा, काढतोय गं," ते म्हणाले. ते माझ्यासाठी नव्हतं. पाना हलेना. ते थांबले होते.

इथे काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. पण तो शब्द काकूंचा होता, माझ्याने म्हणवेना.

"हो गं," काका म्हणाले. "सावकाशच काढतोय."

बोल्ट करकरला आणि फिरला. तेल ट्रेमध्ये पडायला लागलं. मी तोंड उघडलंच नव्हतं.

धार बारीक होऊन थेंब थेंब होईपर्यंत काकांनी तळवा खाली धरून ठेवला होता. कानात त्यांचं रडणं ऐकू येत होतं. मी हेल्मेट काढलं नाही. शेवटचा थेंब पडल्यावर त्यांनी कुठलंसं फडकं घेऊन हात पुसला.

"मेघना, तो नवा फिल्टर दे," ते म्हणाले. "आणि घरी जाताना हॉट प्रेसमधून तिचा एक मोजा काढून ठेव. गाडी झोपवायचीय."