डबल बेल आणि काळूमामाचं आवतण

कुंडलिकने यादीतल्या पहिल्या कामाचा नंबर दाबला, लॅपटॉपमधून ‘टिंग टिंग’ अशी डबल बेल वाजली आणि तो समाधानाने चहा प्यायला उठला. प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. एसटीतली कंडक्टरकी संपल्यावर शेणवे गावातल्या घरात त्याचा जीव रमेना, म्हणून मुलीने, वैष्णवीने, तिचा जुना लॅपटॉप देऊन त्याला शिकायला बसवलं होतं. पहिलंच अपत्य म्हणजे ही कामांची यादी. काम लिहायचं, झालं की नंबर दाबायचा, काम यादीतून जातं, बेल वाजते. बाकी काही भानगड नाही. बेल वाजली की पडद्याकडे परत बघायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. डबल बेल झाली म्हणजे गाडी सुटली, हे अंगात मुरलेलं.

खरं तर नोकरीत त्याला यादी कधी लागलीच नव्हती. शहापूर–टोकावडे रस्त्यावर थांब्याथांब्यावर कुणीतरी खिडकीशी यायचं. “कंडक्टर, आमच्या ताईला सांगा, गाय व्याली.” “एवढं औषध मास्तरांकडं द्याल का?” तिकिटं फाडता फाडता सगळं डोक्यात राहायचं आणि ज्याचं त्याला पोचायचं. मग घरोघर मोबाइल आले आणि खिडकीशी येणारी माणसं हळूहळू बंद झाली. ते दिवस आठवले की कुंडलिकला आजही गलबलून येतं.

आता रविवारी वैष्णवीचा साखरपुडा होता. यादीत कामं ओळीने लिहिलेली होती: फुलं, काळूमामाला आवतण, पेढे, मांडव. काळूराम हा कुंडलिकच्या बायकोचा, गिरजाचा, थोरला भाऊ, राहणार टोकावडे. त्याला घरी जाऊन अक्षता-सुपारी द्यायला हवी. “फोनवर सांगाल तर दादा जन्मात उंबरा चढायचा नाय,” असं गिरजाने नवऱ्याला बजावलं होतं.

बुधवारी कुंडलिकने शहापुरात फुलं सांगितली, घरी येऊन नंबर दाबला, बेल वाजली. गुरुवारी सकाळी बघतो तर फुलं यादीत तशीच, आणि काळूमामा गायब!

कुंडलिक खाटेवर बसला. फुलवाल्याशी घासाघीस केल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. टोकावड्याला गेल्याचं मात्र काही केल्या आठवेना. पण यादी म्हणत होती, फुलं बाकी, आवतण झालं. शेवटच्या काळात त्याचे वडील घरच्यांनाच “तुमी कुठले?” म्हणून विचारायचे. ते आठवून त्याने लॅपटॉप झाकून टाकला.

कुणाला सांगायची सोय नव्हती. ‘मी काल इथं आलो होतो का?’ असं फुलवाल्याला विचारायचं तर त्याहून लाज. तो गुपचूप दुसऱ्या दुकानात गेला, फुलं सांगितली आणि बेल वाजवली. शुक्रवारी फुलं जागेवर, पेढे गायब. मग फुलांसाठी तिसरं, किन्हवलीचं दुकान. त्या बेलबरोबर मांडव गेला. कुंडलिक उपाशीपोटी बदाम खाऊ लागला आणि उठता-बसता थांब्यांची नावं ओळीने घोकू लागला.

शनिवारी सकाळी फुलांची पहिली रिक्षा आली. गिरजा खूश झाली. दुसरी आली तशी ती बघतच राहिली. तिसरी आल्यावर तिने कमरेवर हात ठेवले.

“अवो, साखरपुडा हाय का देवळाचा कळस चढतोय? आन मांडव कुठं हाय? पेढं कुठं हायत?”

“यादीत तर झालं म्हनून दावतंय.”

“दादा काय म्हनला मग?”

कुंडलिकच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “गिरजे, मला नाय आठवत गो. माझ्या आबांवानी माझं डोकं चाललं. तुला सांगायची हिंमत होत नव्हती.”

गिरजाचा राग तिथल्या तिथे विरला. ती त्याच्या शेजारी बसली. सकाळीच आलेल्या वैष्णवीने लॅपटॉप पुढे ओढला, थोडा वेळ प्रोग्रॅम वाचला आणि ती खो खो हसत सुटली.

“बाबा, हा मोजणी शून्यापासून करतो, पहिलं काम त्याला शून्य! तुम्ही एक दाबता, तो दुसरं काम उडवतो. तुमची फुलं झाली आणि गेला काळूमामा. मग पेढे, मग मांडव.”

“म्हंजे फुलं मी खरंच सांगितली हुती?”

“तीन वेळा!”

“आन टोकावड्याला?”

“गेलाच नाहीत.”

कुंडलिक ताडकन उठला. “गेलोच नाय! गिरजे, मी गेलोच नाय!” त्याने आनंदाने उडीच मारली.

“नाय गेलात तर नाचता काय?” गिरजा कडाडली. “दादाला काय तोंड दावनार?”

मांडव आणि पेढे मायलेकींवर सोपवून कुंडलिक धावला. सरळगावाला गाडी बदलली. वाटेत तो शून्याची हकिगत मनात घोळवत होता. काळूरामला ती कशी सांगावी, हे टोकावडं आलं तरी सुचेना. पायजमा-सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन काळूराम थांब्यावरच बसला होता.

“या दाजी,” तो शांतपणे म्हणाला. “साखरपुड्याचं कानावर आलं, तवा बुधवारपासनं रोज येऊन बसतो. पोरं म्हनली, आता कसलं आवतण! मी म्हनलं, अरे, कुंडलिक कंडक्टर निरोप इसरत नाय. गाडी लेट झाली असंल.”

घाटात दरड कोसळली तरी ‘आपली गाडी टायमात हाय’ म्हणून कुंडलिक जन्मभर प्रवाशांशी भांडत आला होता. त्याने खिशातून अक्षता काढून मेहुण्याच्या हातावर ठेवल्या.

“व्हय, काळूदादा,” तो म्हणाला. “चार दिस लेट.”