बिल्ड क्रमांक १९८ नुसार आई बरी आहे

कोणतीही वस्तू एकदा पूर्ण झाली की ती करणाऱ्यांचं महत्त्व संपतं. म्हणून सुज्ञ संस्था वस्तू पूर्ण करत नाहीत, तिच्या आवृत्त्या काढतात. कोलकात्याच्या न्यू टाउनमधली आमची कंपनी या बाबतीत फारच सुज्ञ आहे. गेल्या वर्षी आम्ही ४१२ बिल्ड काढले. (बिल्ड म्हणजे अजून तयार न झालेलं ॲप, जे तयार असल्यासारखं फोनवर घालता येतं.) त्यांपैकी ४०९ आदल्या बिल्डमधल्या चुका सुधारण्यासाठी होते, दोन त्या सुधारणा मागे घेण्यासाठी, आणि एक कशासाठी होता याची चौकशी सुरू आहे.

आमच्या ॲपचं नाव 'कुशल'. म्हाताऱ्या आईवडिलांनी रोज सकाळी फोनवर 'बरं आहे' हे बटण दाबायचं, की मुलांच्या फोनवर हिरवी खूण उमटते. फोन करून गुडघ्यांची हकीगत ऐकण्यात दर मुलामागे सरासरी साडेसतरा मिनिटं जात होती, ती यामुळे राष्ट्रकार्याला मोकळी झाली.

अडचण एवढीच, की आईवडिलांकडे असतो अँड्रॉइड आणि मुलांकडे आयफोन. (तो अँड्रॉइडही बहुधा मुलांनीच टाकलेला असतो.) म्हणजे दोन बिल्ड आले, आणि त्यांचं आपसांत जमणं आलं. त्यासाठी 'आवृत्ती समन्वय अधिकारी' हे पद निर्माण झालं. ते मी भूषवतो. माझ्या तक्त्यात अँड्रॉइड २१४ वर होता आणि आयफोन १९८ वर. ही तफावत दूर करणारा माणूस पुजोच्या, म्हणजे दुर्गापूजेच्या, सुटीवर गेला होता, आणि सुटीचा अर्ज दर आठवड्याला नव्या आवृत्तीत पाठवत होता.

त्यामुळे २१४ ने पाठवलेलं १९८ ला कळेना. खूण दिसली नाही की मुलं घाबरून फोन करायची. आईवडिलांना नव्हे, आम्हाला. तेव्हा आमच्या प्रमुख यामिनी मॅडमनी तोडगा काढला: दोन्ही बिल्ड जुळेपर्यंत आयफोनने रोज सकाळी सात वाजता आपली आपणच हिरवी खूण दाखवावी. तक्त्यात मी 'तात्पुरती सोय' अशी नोंद केली.

याच सुमारास परिपत्रक निघालं, की चाचणीसाठी प्रत्येक कर्मचाऱ्याने एक खरा वृद्ध पुरवावा. मी आई दिली.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहाला भागात, एकटी राहते. न्यू टाउनहून तिथे जायचं म्हणजे बस, मेट्रो, पुन्हा ऑटो, असे दोन तास. न जमून न जमून सहा आठवडे झाले होते. फोन करायचंही राहूनच जायचं, कारण सातला खूण यायची. ती आईने पाठवलेली नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बघून रोज बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी मी बेहालाला गेलो, कारण तिच्या फोनवर बिल्ड २१५ घालायचा होता. दार शेजारच्या बौदीने, म्हणजे वहिनीने, उघडलं. आत आईच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. एकोणीस दिवसांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला होता. दवाखान्यात बौदीने नेलं, वेणी बौदी घालत होती, भातही तीच भरवत होती. माझ्या तोंडातून निघालं काय, तर, "बटण दाबलं नाहीस का?"

"नाही ना दाबलं," आई म्हणाली. "बौदी म्हणत होती, सारंगला फोन करते. मी म्हटलं, नको, बटण दाबलं नाही की त्याला आपोआप कळतं, त्यानंच शिकवलंय मला. चार दिवस दाराला कडी लावू दिली नाही मी तिला. मग म्हटलं, कामात असशील."

सोमवारी मी दोष नोंदवला. उत्तर आलं, की दोष आयफोन १९८ मधला आहे, आज सकाळी १९९ निघाला, आणि बंद झालेल्या आवृत्तीतला दोष धरता येत नाही. मी यामिनी मॅडमकडे गेलो आणि माझ्या आईचं आहे म्हणून सांगितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी लगेच आकडे मागवले.

आकडे असे: तात्पुरत्या सोयीच्या काळात मुलांच्या तक्रारी शून्य. समाधानी मुलं ९८ टक्के. (उरलेल्या दोन टक्क्यांना खूण साडेसहाला हवी होती.) सबब, सोय कायम करण्यात आली. बटणाचं प्रयोजन उरलं नाही, म्हणून अँड्रॉइडचा बिल्ड बंद झाला. एकच बिल्ड राहिल्याने समन्वयाचा प्रश्नही मिटला, आणि तो मिटवल्याबद्दल मला बढती मिळाली. मी ती घेतली.

सध्या आमच्या मालाला बाजारात एकच प्रतिस्पर्धी आहे. 'काही झालं असतं तर कळवलंच असतं' हे वाक्य. ते फुकट आहे, कुठल्याही फोनवर चालतं, आणि पाहणीनुसार तुमच्याकडे ते कित्येक वर्षं बसवलेलं आहे. आज सकाळीही विनातक्रार चाललं ना?