विहिरीकडून सापडलेली घोडी

वाहिदने सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली वरातीची घोडी दावे तोडून गेली आणि गावविहिरीजवळ सापडली. पंचायतीने तिला नियमानुसार कोंडवाड्यात दाखल केले. घरी तिचे आठ दिवसांचे शिंगरू उपाशी होते. त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे नियमात नव्हते.

संगणकावरचा अहवाल इंग्रजीत होता: ‘मेअर फाउंड बाय द वेल.’

“बाय म्हणजे कडून,” ग्रामसेवक हेमराज भाऊसाहेबांनी शब्दकोश उघडून सांगितले. “घोडी विहिरीकडून सापडली. ज्याच्याकडून सापडली, त्याची सही लागते.”

“हीर कशी सही करी व्हो, भाऊसाहेब?” वाहिद म्हणाला.

“अंगठा चालेल.”

“धरीसन मीच आनी ना तिले!” घोडी पकडणारा शिपाई उदेसिंग म्हणाला.

“अहवालात तुझं नाव आहे? मग मधे बोलू नको.”

वाहिदची मुलगी कहकशाँ कॉलेजात जाते. ती हळूच म्हणाली, “सर, बाय म्हणजे जवळ पण होतं.”

“तो तिसरा अर्थ. पहिला नामंजूर झाल्याशिवाय तिसऱ्यावर जाता येत नाही.”

पंचनामा झाला. पंचांनी कठड्यावरून वाकून विचारले, “घोडी तुला सापडली का?” विहिरीने विचारले, “सापडली का?” शेरा पडला: विहीर उलटप्रश्न करते, तपासात सहकार्य नाही.

प्रकरण वर गेले. दुपारीच उत्तर आले: ‘रिलीज बाय फ्रायडे.’

“शुक्रवारकडून सोडवावी,” भाऊसाहेबांनी वाचले. “या नावाचा कर्मचारी आपल्याकडे नाही. पद भरण्याचा प्रस्ताव पाठवतो.”

“पिल्लू उभं ऱ्हात नही आते. बकरीनं दूध बी लेत नही,” वाहिद म्हणाला, आणि घरी गेला.

आला तो शिंगरू छातीशी धरून, थेट पंचायतीच्या आवारातल्या कोंडवाड्याशी. आत घोडी फुरफुरली, गजांना अंग लावून उभी राहिली. शिंगराने गजांतून मान घातली आणि डोळे मिटून ते पीत राहिले.

भाऊसाहेबांनी या वेळी कोश न उघडता लिहिले: ‘मिल्क ड्रंक बाय फोल.’ शिंगराकडून. कोंडवाड्यातल्या मालाचा परस्पर वापर, आरोपी स्पष्ट. कुलूप निघाले, शिंगराला आत घेण्यापुरते.

दाखल्यांसाठी रांगेत आम्ही बारा जण होतो. तो कागद सगळ्यांच्या हातांतून फिरला. वाहिद एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही तो गंभीरपणे वाचला, माना हलवल्या. इंग्रजीत होता, त्यात चूक काढणार कोण? मग बाराही जणांनी साक्षीदार म्हणून सही केली. तुम्हीही सही करता, त्याच भाषेत.