इमासताईचं कोठार

आमच्या व्हिलात ड्रममधून तांदूळ काढायचा तर आधी त्यावर टकटक करावी लागे. तसाच कोणी झाकणाला हात लावला की मागून आवाज यायचा, "परमिशन लिया?"

आवाज इमासताईचा. ती जावा बेटावरच्या सुंदा मुलखातली. आखातातल्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलाच्या पार्टिशन घातलेल्या खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. दिवसभर ती कुणाकुणाची मुलं सांभाळायची आणि संध्याकाळी वाटी घेऊन दारोदार उभी राहायची. "एक मूठ." प्रत्येक खोलीतला मूठभर तांदूळ जिन्याखालच्या निळ्या ड्रममध्ये जायचा. तिच्या गावात म्हणे खांबांवर उभं लाकडी कोठार असतं, लेउइत. सगळे त्यात भात घालतात, ज्याच्या घरचा संपेल तो नेतो. आमचा ड्रम म्हणजे लेउइत. त्याच्याजवळ शिट्टी वाजवायची नाही. तांदूळ 'खलास' म्हणायचं नाही, "सो गया" म्हणायचं.

समोरच्या खोलीतली वसईची रोझी हसायची. "बासमती, इडली राइस, सगळं एकात. हा भात खाणार कोण?"

रोझीलाच खावा लागला. मुसफ्फातलं नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडलं. ती मागायला जाईना, तेव्हा इमासताईनंच तिला ड्रमपाशी नेलं, तिच्या हातानं टकटक करवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कोण किती नेतं ते बघायचं नसतं.

मग एका सकाळी नोटीस आली. पार्टिशन बेकायदा, संध्याकाळपर्यंत व्हिला रिकामा करा. सगळ्यांची बांधाबांध सुरू झाली. इमासताईनं मात्र ड्रममधला सगळा तांदूळ शिजवायला घेतला. "लेउइत का चावल बेचने का नहीं, फेंकने का नहीं." डबे भरून ती एकेका टॅक्सीमागे धावली. रोझीनं डबा छातीशी धरून नेला. काहींनी घेतला आणि वळणावर कठड्यावर ठेवून दिला. इमासताईनं ते डबे परत गोळा केले.

मागे आम्ही दोघीच राहिलो. फुटपाथवर बसून भात खाल्ला.

मी म्हटलं, "गावी तुझं खरं लेउइत आहेच की."

"भाई ने बेच दिया. अभी होटल में है. टुरिस्ट लोग फोटो निकालता."

माझी टॅक्सी आली. मी बॅग उचलली.

"नया रूम में खाना किसके साथ?"

"एकटीच."

ती डब्याचं झाकण लावत राहिली. लागलेलंच झाकण पुन्हा दाबत म्हणाली, "संडे को मैं आऊँ? ज्यादा नहीं खाती मैं."