सुट्टीचं अर्धंच सांगितलं

"मुलाखतीतच सुट्टीचं सांगून टाका," बायको म्हणाली. "मागाहून कटकट नको."

"काहीतरीच काय ताई!" मेहुणा उसळला. "यायच्या आधीच सुट्टी मागणाऱ्याला कोण ठेवून घेईल? दाजी, आधी नोकरी पदरात पाडून घ्या, मग तोंड उघडा."

दाजी म्हणजे टेपराव. स्वयंपाकघरातली कपाटं आखून देणं हे त्यांचं काम. खिशात मापाची टेप कायम, म्हणून ऑफिसात हे नाव पडलेलं. लग्नानंतर पहिल्यांदाच सगळं घर समुद्रावर निघालं होतं. पुढच्या महिन्याचा दुसरा पंधरवडा, तिकिटंही काढलेली. आणि नेमकं आत्ताच एका मोठ्या फर्निचर कारखान्यातून बोलावणं आलं होतं.

टेपरावांनी दोघांचंही मन राखायचं ठरवलं. सांगायचं, पण अगदी शेवटी.

मुलाखत झकास झाली. मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

टेपरावांनी घसा खाकरला. "तसं एक होतं. पुढच्या महिन्यात, मला पंधरा दिवस..."

"पुढच्या महिन्यातच येता? पंधराव्या दिवशी?" बाई आनंदाने उठून उभ्याच राहिल्या. "बाकीचे तीन-तीन महिने मागतात हो! ठरलं तर मग."

आणि रुजू व्हायची तारीख ठरली ती नेमकी समुद्रावर निघायची.

"सांगितलंत?" घरी बायकोने विचारलं.

"सांगितलं. अर्धं."

मेहुण्याकडे तोडगा तयार होता. "आत्ताचे मालक सोडत नाहीत म्हणून कळवा. तारीख आपोआप पुढे जाईल."

टेपरावांनी फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सोडत नाहीत म्हणजे काय? मी बोलते ना त्यांच्याशी. या धंद्यात आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो." आणि फोन ठेवलासुद्धा.

नोकरी सोडायचा विचार टेपरावांनी आत्ताच्या मालकांच्या कानावर अजून घातलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "टेपराव, मी तुम्हाला सोडत नाहीये म्हणे."

टेपरावांचा हात खिशातल्या टेपवर गेला.

"मलाही कालच कळलं. मी इतका कडक आहे याची कल्पनाच नव्हती." मालकांनी हसू दाबलं. "अहो, मला आधी सांगितलं असतंत तर मीच शिफारस केली असती. बाईंना सांगितलंय, सोमवारपासून माणूस तुमचा."

तारीख पुढे जायची ती आणखी अलीकडे आली! आता रुजू व्हायचं आणि खुर्ची गरम होते न होते तोच सुट्टी मागायची.

"मी येऊ का बोलायला?" बायकोने विचारलं.

"नको. जातो मीच." मेहुणा काहीतरी सुचवायला पुढे सरकला, तशी टेपरावांनी त्याच्याकडे पाठ फिरवून चपला घातल्या.

बाईंसमोर उभं राहून त्यांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. समुद्र, तिकिटं, अर्धं राहिलेलं वाक्य, मालकांच्या नावावर मारलेली थाप. "पोरं रोज पिशव्या भरतायत आणि रिकाम्या करतायत," शेवटी ते म्हणाले. "नोकरी गेली तर गेली, पण त्यांना नाही म्हणणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नेमका दुसरा पंधरवडा?"

"हो."

"अहो, मग तेव्हा कारखानाच बंद आहे!" बाईंनी खुर्चीत अंग टाकलं. "सगळी फरशी उखडून नवी यंत्रं बसवायचीत. नव्या माणसाला आल्या-आल्या बिनपगारी घरी बसा म्हणून कसं सांगायचं? म्हणून तर तारीख ठरवतानाही बोलले नाही. मागचा एकजण ते ऐकूनच पळाला. माझी झोप उडाली होती हो!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग एकदमच हसत सुटली. टेपरावांच्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की कुणी सांगायच्या आत ते खुर्चीत बसले.

"आणखी काही सांगायचं राहिलंय का?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"नाही. आता सगळं सांगून झालं." टेपरावही सैलावले होते. "तुमचं?"

बाई हसायच्या थांबल्या. "अर्धंच," त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "अरे, दोन चहा आण रे. जरा मोठे कप घे."